बाहेरून कुलूप

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवणार नाही. झुरळ, वीज, रेल्वेचं फाटक, बँकेतला साहेब, सगळ्यांना मी भिते. आणि या बाईनं उभी हयात इतिहास शिकवला. इतिहासात घाबरायचं कारण नसतं, तिथली माणसं आधीच मेलेली असतात.

नोकरीच्या मधल्या काळात चार वर्षं माझी बदली धारणीकडच्या एका आश्रमशाळेत झाली होती. तिथं पुस्तकात कुठल्याशा दूरदेशी गुलामांनी केलेल्या उठावावर अर्ध्या पानाचा मजकूर होता. त्यांनी मालकांवर हत्यार उचललं, आणि ते शूर होते, असं मी फळ्यावर लिहून दिलं. दुसऱ्या बाकावरच्या एका अकरा वर्षांच्या मुलीनं हात वर केला. मेळघाटातल्या आतल्या गावची, तेल लावून चापून बसवलेली वेणी, वर्गात सगळ्यात स्वच्छ मराठी तिची. ती म्हणाली, "मॅडम, त्या मालकाले बायको-पोरं होते का?"

मी म्हटलं, असतील, पण ते परीक्षेत विचारत नाहीत. वर्ग हसला. ती हसली नाही. मला तो प्रश्न आवडला नव्हता, हेही खरं. छान आटोपलेल्या धड्यात कोणी असा पाय घालतं तेव्हा माझं डोकं फिरतं.

बदली संपली तेव्हा निरोपाला मी मुलींच्या वह्यांवर माझा बडनेऱ्याचा पत्ता लिहून दिला. आपण वऱ्हाडातली माणसं असं बोलतोच. एसटीत शेजारी बसलेल्यालाही उतरताना "या कधी घरी" म्हणतो, आणि तो खरोखर आला तर चहापत्ती आहे का ते बघायला आत पळतो. मीही तसंच म्हटलं होतं, कधीही या.

ती आली सतरा-अठरा वर्षांनी, मागच्या मे महिन्यात, सकाळी दहाला. मी निवृत्त झालेली, नव्या वस्तीतल्या माझ्या त्याच छोट्या घरात एकटी. दार उघडलं तर एक वाळलेली बाई, मागे तिचा नवरा, आणि दोघांच्या मधे सात वर्षांची मुलगी. तिघांच्याही पापण्यांवर विटांची लाल धूळ होती. बाईनं माझ्या पायाला हात लावला आणि वर बघितलं, तेव्हा मी ओळखलं.

"मॅडम, आमी भट्टीवरून पळून आलो," ती म्हणाली. "आत घ्या आधी."

मी आत घेतलं. हे शौर्य नव्हतं. रस्त्यावर उभं राहून कोणी बघेल याची भीती जास्त होती, एवढंच.

पाणी पिऊन झाल्यावर तिनं सांगितलं ते असं. अकोल्याच्या पलीकडे नदीकाठी एक वीटभट्टी आहे. दिवाळीनंतर दोघं तिथं कामाला आले, घर सोडतानाच मुकादमानं थोडी उचल हातात ठेवलेली. ती केव्हाच फिटली असं यांचं म्हणणं, नाही असं त्याचं. फोन त्यानं ठेवून घेतले. होळीला गावी जायचं म्हणाले तर नवऱ्याला पट्ट्यानं मारलं (पाठीवरचे काळे वळ तिनं त्याचा सदरा वर करून दाखवले), आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीला मालकाच्या घरी नेऊन ठेवलं. भांडी घासायला म्हणे. त्या भट्टीवर रीतच होती तशी, ज्या जोडप्याला लहान मूल असेल त्याचं मूल मालकाकडे, मग आईबाप कुठं जातात? पोरगी आठ दिवसांतून एकदा दिसायची. त्या दिवशी पहाटे मुकादम तिला घेऊन आला, आणि आईला बघून ती त्याचा हात सोडेना. ओढली तर तिनं बोट चोखायला सुरुवात केली. सात वर्षांची मुलगी.

"मग यानं मारलं," ती म्हणाली.

नवरा तोवर भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. त्याला मराठी कळायचं, बोलायचा तो तुटक्या हिंदीत. "साचा था हात में," तो म्हणाला. विटा पाडायचा साचा, लोखंडी पट्टी मारलेला. "सर पे मारा. दो बार."

"मग?"

"गिर गया."

मेला की जगला, तिघांनाही ठाऊक नव्हतं. पोरीला उचलून ते शेतातून पळत एका लहान स्टेशनात आले आणि मिळाली त्या पॅसेंजरमध्ये चढले. उतरायचं कुठं, तर आयुष्यात एकच पत्ता तिला पाठ होता.

"त्या मुकादमाची बायको चांगली होती मॅडम," ती म्हणाली. "माझ्या पोरीले लपवून पोळी द्याची."

घरात एक माणूस बसला होता ज्यानं काही तासांपूर्वी दुसऱ्याच्या डोक्यात लोखंड घातलं होतं. तो काळासावळा, हाडकुळा, अत्यंत नम्र होता. पाण्याचा गिलास त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि रिकामा झाल्यावर कुठं ठेवू असं डोळ्यांनी विचारलं. त्या हातांकडे माझं सारखं लक्ष जात होतं. बोटांची टोकं विटांनी घासून गुळगुळीत झाली होती.

मी स्वयंपाकघरात गेले आणि पहिलं काम काय केलं? पावशी उचलली, जिच्यावर रोज भाजी चिरते ती, आणि कपाटावर पातेल्यांच्या मागे ठेवली. दोन सुऱ्या पदराखाली घेऊन देव्हाऱ्याच्या खणात घातल्या. घरी आलेल्या पाहुण्यापासून चाकू लपवणारी मी, आणि फळ्यावर "शूर" लिहिणारीही मीच.

ती मागून आली. "मी करतो स्वयंपाक, तुमी बसा. पावशी कुठी हाय?"

"धार लावायला दिली," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे, जिथं पावशीच्या जागी पिठाची रेघ उमटली होती. कांदा ओट्यावर ठेवून बुक्कीनं फोडला. मला तेव्हा स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथून निघून गेले. पण पावशी काही काढून दिली नाही.

माझा धाकटा भाऊ अमरावतीत वकील आहे. त्याला तीन फोन केले, बंद. कोर्टात असला की तो फोन बंदच ठेवतो. तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली. ही बाई स्वभावानं वाईट नाही, पण तिच्या पोटात गोष्ट टिकत नाही. दारातूनच तिनं आत मान घातली.

"काहून वो मास्तरीणबाई, आज सकाळीच कूलर लावला? पाव्हणे हायत का?"

"जुनी विद्यार्थिनी आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"नवऱ्यासंगं आली? कुठचा हाय तो?"

मी विरजणाची वाटी तिच्या हातात कोंबली आणि दार लावलं. मग खिडक्या लावल्या, सगळ्या. बाराच्या सुमाराला पडद्याच्या फटीतून बघितलं तर कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी एक पांढरी जीप उभी, आणि दोन माणसं ठेलेवाल्याला काहीतरी विचारताहेत. गाडीवर एमएच तीस. अकोल्याची. (लग्नाच्या पत्रिका वाटायला आली होती ती माणसं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. पण हे मला दोन दिवसांनी कळलं.)

नवराही ती गाडी बघत होता. माझ्या खांद्यामागे कधी येऊन उभा राहिला कळलंच नाही. मी वळले तेव्हा त्याचं तोंड माझ्यापासून हातभर होतं, आणि त्याच्या डोळ्यांत जे दिसलं त्याला काय म्हणावं ते मला आजही ठरवता येत नाही. भीती होती, नक्की होती. पण नुसती भीती नव्हती.

मी ठरवलं, जाऊन भावाला घेऊन यायचं. "अर्ध्या तासात येते," मी तिला म्हटलं. "कोणी दार वाजवलं तर उघडू नका."

आणि बाहेर पडून मी दाराला कुलूप लावलं.

याबद्दल जरा सांगायला हवं. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात दुपारी झोपायचं असलं की आम्ही बायका शेजारणीकडून बाहेरून कुलूप लावून घेतो. कुलूप दिसलं की भाजीवाला, वर्गणीवाला, कोणी कडी वाजवत नाही. मी आत झोपायची, किल्ली शेजारणीकडे, चारला ती उघडायची आणि मग दोघींचा चहा. वर्षानुवर्षं हे चाललंय. तेव्हा कुलूप लावताना माझा हात अडखळला नाही. घराला मागून वाट नाही, मागे न्हाणीघर आणि चार पावलांचं अंगण, त्याला पुरुषभर उंच भिंत, हेही मला माहीत होतं. किल्ली मी पर्समध्ये टाकली आणि ऑटोत बसले.

भाऊ कोर्टाच्या आवारात झाडाखाली डबा खात होता. सगळं ऐकेपर्यंत त्यानं घास तोंडात घातला नाही. मग म्हणाला, "ताई, तुले लष्कराच्या भाकरी भाजाची हौस कावून आहे?"

"मी बोलावलं नव्हतं त्यांना."

"तो मुकादम मेला असन तर? खुनाचा आरोपी तुह्या घरात बसून आहे."

"आणि त्यांनी त्याच्या पोरीला ओलीस ठेवलं होतं ते? त्याला काय म्हणतात तुझ्या कायद्यात?"

"वेठबिगारी. गुन्हाच आहे तो. पण त्याच्यासाठी तक्रार असते, कलेक्टर असते. डोक्यात साचा घालाची तरतूद नाही."

"तक्रार करायला फोन तर हवा."

मग मी ते विचारलं जे सकाळपासून माझ्या मनात घोळत होतं. म्हटलं, मी मुलींना शिकवलं की गुलामानं मालकावर हात उचलला तर ते शौर्य. मग हा कोण? भाऊ डब्याचं झाकण लावत म्हणाला, "पुस्तकातल्या माणसाचं रक्त सुकलेलं असते, ताई. त्याले शूर म्हणाले काही लागत नाही. याच्या हाताचं अजून ओलं आहे. याले मी शूर म्हणत नाही अन् गुन्हेगारही म्हणत नाही. मी याले अशील म्हणतो."

असं बोलता आलं म्हणजे वकील होता येतं बहुतेक. मला आलं नाही. ऐकून माझं समाधान झालं नाही, पण भीती जरा कमी झाली. त्याची एक सुनावणी राहिली होती; पाचपर्यंत येतो, तोवर कोणाला बाहेर पाठवू नको, म्हणाला. मी निघाले तेव्हा अडीच वाजून गेले होते. घरी पोचेपर्यंत अर्ध्या तासाचे तीन तास झाले.

गल्लीत शिरले तर सामसूम. वीज गेलेली. माझ्या मनात आलं की आत कूलर बंद असेल, खिडक्या मीच लावून घेतल्या आहेत, आणि मे महिन्यातलं घर म्हणजे भट्टीच. घाईघाईनं कुलूप काढलं, कडी सरकवली, दार ढकललं.

तो दारामागेच उभा होता. हात डोक्याच्या वर, हातात कपडे धुवायची मोगरी. घामानं निथळत होता. मोगरी खाली येऊ लागली होती, हे मी शपथेवर सांगते, ती हवेत थांबलेली नव्हती, येत होती. तिनं मागून काहीतरी ओरडून त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि मोगरी माझ्या खांद्याला वाराही न लागता बाजूच्या चौकटीवर आपटली. चौकटीचा ढलपा उडाला.

मी उंबऱ्यातच बसले. पोरगी टेबलाखाली होती, एका कानावर हात दाबून, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात.

तो मोगरी टाकून माझ्या पायाशी बसला आणि "माफ करो, माफ करो" म्हणत राहिला. त्याला वाटलं होतं ते आले. बाहेर कुलूप काढल्याचा आवाज झाला, आणि गेले सहा महिने भट्टीवर रात्री त्यांच्या झोपडीला बाहेरून लावलेलं कुलूप पहाटे काढणारा माणूस एकच होता, मुकादम. तिनं मात्र माफी मागितली नाही. तिनं मला पाणी दिलं, मी प्यायले, मग तिनं विचारलं, "मॅडम, तुमी कुलूप काहून लावलं?"

"कोणाला कळू नये म्हणून," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच."

ती "हो" म्हणाली. वर्गात मी चुकीचं उत्तर द्यायचे तेव्हा ती असंच "हो" म्हणायची.

समोरच्या गच्चीवर शेजारीण वाळलेल्या कुरडया काढत होती. तिनं सगळं पाहिलं.

पाचला भाऊ आला आणि पुढचं भराभर झालं. दोन दिवस धावपळ करून त्यानं आई आणि मुलीला कलेक्टर कचेरीत उभं केलं, पट्ट्याच्या वळांचे फोटो काढून घेतले. नवरा त्याच्याबरोबर जाऊन पोलिसांत हजर झाला. मुकादम जगला होता. डोक्याला टाके पडले, एका कानानं ऐकू येईना. हे कळलं तेव्हा मी देवापुढे दिवा लावला, आणि तो कोणासाठी लावला हे स्वतःला विचारलं नाही. भट्टीमालकावर गुन्हा नोंदला गेला. नवऱ्यावरही नोंदला गेला, जिवे मारण्याचा प्रयत्न. काही महिन्यांनी त्याला जामीन मिळाला. त्या दोघांना आणि मुलीला भावाच्या ओळखीच्या एका संस्थेनं अकोल्यात जागा दिली. पोरगी शाळेत जायला लागली असं मला फोनवर कळायचं.

यंदा खटला उभा राहिला. माझी साक्ष महत्त्वाची, कारण त्या सकाळी त्याच्या पाठीवरचे वळ आणि मुलीची अवस्था बघणारी पहिली बाहेरची व्यक्ती मी. निवृत्त शिक्षिका, चांगल्या घरची, कोर्टाला विश्वास बसेल अशी. पण शेजारणीचाही जबाब पोलिसांनी घेतला होता. तिनं काही वाईट मनानं सांगितलं नाही. जे दिसलं ते सांगितलं.

आदल्या दिवशी भावानं मला समोर बसवलं. "सरकारी वकील विचारीन, त्यानं तुमच्यावरही मोगरी उगारली होती का. त्याले हेच दाखवायचं आहे, की माणूस मुळातच हिंसक आहे, ज्या बाईनं आसरा देला तिच्यावरही हात उगारला. तू हो म्हणाली तर मालकाच्या जुलमाचा मुद्दा बाजूले पडते. अन् हा सात-आठ वर्षं आत जाते."

"मग खोटं सांगू?"

"खोटं नको सांगू. आठवत नाही म्हण. तुह्या वयात खपून जाते."

मी आरशासमोर उभी राहून "आठवत नाही" म्हणायचा सराव केला. चांगलं जमत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळी अकोल्याच्या गाडीत दोनदा ओकारी झाली. मला भीती खोटं बोलण्याची होती, की खरं बोलून एका पोरीचा बाप आत घालवण्याची, हे मला सांगता येत नव्हतं.

कोर्टातला पंखा कुरकुरत होता. तो आरोपीच्या जागी उभा, धुतलेला पांढरा शर्ट घालून. ती मागच्या बाकावर, मुलीला मांडीवर घेऊन. न्यायाधीश बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असतील. भावानं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मी दिली, पाठीचे वळ, पोरीचं बोट, सगळं. मग सरकारी वकील उठला. आवाज मऊ होता त्याचा.

"बाई, त्या दुपारी आरोपीनं तुमच्यावर मोगरी उगारली, हे खरं ना?"

मी आरोपीच्या जागेकडे बघितलं. तो खाली बघत होता, आश्रमशाळेतली मुलं छडीची वाट बघत उभी राहायची तसा.

"खरं आहे," मी म्हणाले.

भावानं डोळे मिटले. वकील "बस, एवढंच" म्हणून वळला.

"पण एवढंच नाही," मी म्हटलं. मला स्वतःलाच कळेना की हे कोण बोलतंय. "मी त्यांना घरात कोंडलं होतं. बाहेरून कुलूप लावून, तीन तास. आत वीज नव्हती."

वकील म्हणाला, हे विचारलेलं नाही. न्यायाधीश बाईंनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "कुलूप का लावलं होतं?"

उत्तर तयार होतं. शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून, त्यांच्याच भल्यासाठी, आमच्याकडे लावतातच. वर्षभर हे मी भावाला सांगितलं होतं, शेजारणीला सांगितलं होतं, माझ्या त्या विद्यार्थिनीला तर तोंडावर सांगितलं होतं, आणि ते सगळं थोडंथोडं खरंही होतं.

"मला त्याची भीती वाटत होती," मी म्हणाले. "माझ्यामागे तो काही उचलून नेईल, कोणाला मारेल, पळून जाईल, असं वाटलं. म्हणून लावलं."

साक्ष उतरवून घेणारा कारकून थांबून न्यायाधीश बाईंकडे बघायला लागला. "लिहा," त्या म्हणाल्या.

खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे. तो शूर आहे का, हे मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या चौकटीचा ढलपा उडताना बघितलेल्या बाईच्या तोंडून ते सहज निघालं नसतं. साक्ष संपल्यावर टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. त्यात छापलं होतं की साक्षीदारास आरोपीची भीती वाटल्याने तिने त्यास पत्नी व मुलीसह घरात कोंडून ठेवले होते. मी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.